गाडी परवडते, प्लग मिळाला तर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

इलेक्ट्रिक गाडी परवडते का, यावर गेले काही दिवस आपल्या अंकात वाचकांची पत्रं येत आहेत. कुणी 'रुपयात किलोमीटर' म्हणतं, कुणी सगळी फसवणूक म्हणतं. माझ्याकडे ऑगस्ट २०२२ पासून अशी गाडी आहे. मी एका खाजगी कंपनीत अकाउंट्स बघते, त्यामुळे पहिल्या दिवसापासून प्रत्येक चार्जिंगची नोंद वहीत आहे. ४० महिन्यांत ४६,००० किलोमीटर झाले. त्या वहीतले आकडे मांडते.

गाडी ऑन रोड १६ लाखांना पडली. त्याच मॉडेलची पेट्रोल गाडी तेव्हा ११ लाख ६० हजारांना मिळत होती, म्हणजे सुरुवातच ४ लाख ४० हजार जास्त देऊन झाली. घरी चार्ज करते तेव्हा एका युनिटला सुमारे साडेसहा किलोमीटर मिळतात. (हा आकडा मीटरवरचा आहे. चार्ज होताना काही वीज वाया जाते, ती गाडीच्या स्क्रीनवर दिसत नाही.) कर, स्थिर आकार सगळं धरून युनिट नऊ रुपयांना पडतं, म्हणजे किलोमीटरला १ रुपया ४० पैसे. हायवेवरच्या फास्ट चार्जरला १८ टक्के जीएसटीसह युनिटला २२ रुपये मोजले, तिथे किलोमीटर ३ रुपये ४० पैशांवर गेला. पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये पेट्रोल गाडीला सातच्या आसपास लागतात आणि सीएनजीला चार. म्हणजे बाहेरच चार्ज करावं लागलं, तर सीएनजीच्या तुलनेत हातात फारसं काही उरत नाही.

माझे ३८,००० किलोमीटर घरच्या चार्जिंगवर झाले, म्हणून पेट्रोलच्या तुलनेत इंधनात सुमारे २ लाख ४० हजार वाचले. सर्व्हिसिंगला ऑइल, फिल्टर नाही. तिथेही थोडे वाचले. उलट गाडीची किंमत जास्त म्हणून विम्याचा हप्ता जास्त. थर्ड पार्टीच्या दरात १५ टक्के सवलत आहे, पण तो हप्त्याचा छोटा भाग. सगळं वजा जाता ४ लाख ४० हजारांपैकी निम्म्याहून थोडे कमी वसूल झाले. कर्जाचं व्याज न धरता पूर्ण रक्कम फिटायला गाडी घेतल्यापासून एकूण पावणेसात वर्षं लागतील. बॅटरीची वॉरंटी आठ वर्षांची आहे. कर्जाच्या व्याजावर आयकराच्या कलम ८०ईईबी खाली मिळालेली वजावट मी मुद्दाम धरलेली नाही, कारण ३१ मार्च २०२३ नंतरच्या कर्जाला ती लागू नाही. सर्वात मोठा खर्च मात्र चार्जिंगचा नाहीच. मध्यंतरी जुन्या गाड्यांच्या बाजारात सहज किंमत विचारली, तर साडेसहा लाखांच्या वर कुणी जाईना. चार-पाच वर्षांत गाडी बदलणाऱ्यांनी हा आकडा आधी पाहावा.

पण हे पत्र लिहायचं खरं कारण वेगळं आहे. वरचा सगळा हिशेब एका प्लगवर उभा आहे, आणि तो मिळवायला मला सात महिने लागले.

आमची सोसायटी कोथरूडमधली, तीस वर्षांची. मीटर रूमपासून माझं पार्किंग ४० मीटरवर. सेक्रेटरी काकांचं एकच म्हणणं होतं, "ताई, आग लागली तर जबाबदार कोण?" त्यांची भीती खोटी नव्हती. पहिल्या मजल्यावरच्या एकांनी गॅलरीतून साधा एक्स्टेंशन बोर्ड खाली सोडून गाडी चार्ज केली होती. तो प्लग मी हातात घेऊन पाहिला आहे. पिना काळ्या पडलेल्या, भोवतीचं प्लास्टिक वितळून तपकिरी झालेलं. साधा घरगुती चार्जरसुद्धा रात्रभर सलग १५ अँपिअर ओढतो. गीझर वीस मिनिटांत बंद होतो, गाडी आठ-नऊ तास सुरू असते.

शेवटी ना-हरकत पत्र मिळालं, महावितरणची वेगळी जोडणी झाली, वायरमनने जाड तांब्याची केबल ओढली, स्वतंत्र एमसीबी बसवला. गाडी लावली तर चार्जरवर लाल दिवा. वायरमनने टेस्टर लावला आणि म्हणाला, "मॅडम, तुमच्या बिल्डिंगला अर्थिंगच नाही." तीस वर्षं बेचाळीस घरांचे फ्रिज आणि वॉशिंग मशिन तसेच चालले होते! मग बागेत खड्डा खणला, मीठ-कोळसा घालून नवं अर्थिंग केलं. हिरवा दिवा लागला तेव्हा सेक्रेटरी काका शेजारीच उभे होते. २१ हजार खर्च झाले, आणि ते वरच्या हिशेबात धरलेले आहेत.

केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाच्या जानेवारी २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत, घरच्या आहे त्या जोडणीवरून गाडी चार्ज करता येईल, असं लिहिलेलं होतं. सामाईक पार्किंगमधून केबल न्यायला मात्र कमिटीची सहीच लागते. राज्याच्या २०२५ च्या इलेक्ट्रिक वाहन धोरणाने अटल सेतू, मुंबई-पुणे एक्स्प्रेस वे आणि समृद्धीवर टोल माफ केला, हे चांगलंच आहे. माझी आई चिपळूणला असते. माझ्या वाटेवर खेड-शिवापूर आणि आनेवाडीला पूर्ण टोल लागतो. पण तो वर्षातून दहा-बारा वेळा, आणि प्लग रोज रात्री लागतो.

चिपळूणची वाट मला या गाडीतून फार आवडते. कुंभार्ली घाट उतरताना ब्रेकवर पाय कमी, कारण मोटरच वेग धरते आणि त्यातून वीज बनवते; पोफळीला पोचेपर्यंत बॅटरी दोन-तीन टक्के वाढलेली. (परतीला घाट ते व्याजासकट वसूल करतो.) कोयनेवरून जाताना दर वेळी वाटतं, इथल्या पाण्यावर माझी गाडी चालत असती तर किती बरं. प्रत्यक्षात राज्याची बहुतेक वीज कोळशावरची आहे. कर्वे रस्त्यावर माझ्या गाडीचा धूर नाही, चंद्रपूरकरांच्या वाट्याला मात्र तो जातो. त्यांना विसरून 'प्रदूषणमुक्त' म्हणणं मला पटत नाही.

आपल्या वार्ताहरांनी गाड्यांच्या किमतींबरोबर एक गोष्ट शोधावी, ही विनंती: शहरातल्या किती सोसायट्यांनी चार्जिंगला परवानगी दिली, किती अर्ज पडून आहेत, आणि भाडेकरूंचं काय? आमच्या तिसऱ्या मजल्यावरचा भाडेकरू मुलगा रोज चाकणला जाऊन-येऊन ८० किलोमीटर करतो. महिन्याला दोन हजार किलोमीटर. पेट्रोलच्या तुलनेत त्याचे ११ हजार वाचले असते, माझ्या दुपटीने. त्याने गाडी बुकही केली होती. घरमालक परदेशात, अर्जावर त्यांची सही हवी, ती चार महिन्यांत आली नाही. मागच्या महिन्यात त्याने बुकिंग रद्द करून सीएनजी गाडी घेतली.

आपली विश्वासू,
एक वाचक, कोथरूड, पुणे