सूचना : नव्या कल्पनांवरील बैठकीबाबत

सर्व सभासदांना कळविण्यात येते की, कंपनीत नव्या कल्पनांना वाव कसा द्यावा, हा येत्या बैठकीचा विषय आहे. येताना प्रत्येकाने आपल्याकडचा एक फसलेला प्रयोग लिहून आणावा. यशोगाथा नकोत, त्या एरवी ऐकतोच.

थ्रीएम या अमेरिकी कंपनीत रसायनशास्त्रज्ञ स्पेन्सर सिल्व्हर यांना १९६८ मध्ये हवा होता मजबूत गोंद, हाती आला सहज सुटणारा. त्यांनी तो सोडून दिला नाही. १९८० मध्ये त्याच गोंदाच्या पोस्ट-इट चिठ्ठ्या अमेरिकाभर विक्रीला आल्या. थ्रीएममध्ये कर्मचाऱ्यांना कामाचा १५ टक्के वेळ स्वतःच्या कल्पनांसाठी वापरता येतो. आपल्याकडे असा वेळ कोणत्या कामातून काढायचा, हेही ठरवायचे आहे.

सूचनापेटीचा प्रस्ताव कृपया आणू नये. वरिष्ठांनी सर्वांत शेवटी बोलावे.