तुझ्या मेसेजला उत्तर

प्रिय बंड्या,

पाच महिने पत्र नाही, माफ कर. तब्येत ठीक, गुडघा तसाच.

नेपाळची वीज वर्षभर भरवशाची नाही, असं मी म्हणालो होतो; त्यावर तू 'नेपाळची वीज बांगलादेशला पोचली, हरलास' असं कळवलंस. ४० मेगावॉट, भारताच्या तारांवरून, युनिटला अमेरिकी ६.४ सेंट. पण करारातल्या तारखा वाच ना: १५ जून ते १५ नोव्हेंबर. नान्या आठवतो? एक तारखेला सगळ्यांना मिसळ, वीस तारखेनंतर आपल्याकडे उधारी. तसंच आहे हे. तिथले बहुतेक प्रकल्प वाहत्या पाण्यावरचे, मोठा साठा म्हणावा तर एकट्या कुलेखानीचा. हिवाळ्यात नद्या रोडावल्या की उत्पादन क्षमतेच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास येतं आणि मग भारताकडून वीज घ्यावी लागते. वाहत्या पाण्याच्या खासगी प्रकल्पांना तिथलं वीज प्राधिकरण पावसाळ्यात युनिटला ४.८० नेपाळी रुपये देतं, कोरड्या महिन्यांत ८.४०. टंचाई कुठे आहे ते या दोन आकड्यांतच कळतं.

आणि पावसाळा तरी कुठे भरवशाचा! नेपाळचा अप्पर तामाकोशी प्रकल्प घे: ४५६ मेगावॉट, सहा पेल्टन संच (चाकाच्या कडेला बादल्या, त्यांवर पाण्याची धार आदळून चाक फिरतं), पाणी ८२२ मीटरवरून. नोझलमधून धार सुटते ती सेकंदाला सव्वाशे मीटरच्या आसपास. त्या धारेत क्वार्ट्झची बारीक वाळू असली की बादलीच्या मधली कड, जी पाणी दोन बाजूंना कापते, ती बोथट होते. मग पाणी नीट दुभंगत नाही, फुटून उडतं आणि कार्यक्षमता घसरते. धार कमी-जास्त करणारी नोझलची सुईही झिजते. गाळ बसवायच्या टाक्या जाडी वाळू अडवतात, बारीक निसटतेच. टंगस्टन कार्बाइडचा लेप दिला तर झीज लांबते, थांबत नाही. म्हणून गाळ मर्यादेपलीकडे गेला की संच बंद करावे लागतात, आणि ते नेमकं विक्रीच्या दिवसांत. भारताच्या एक दिवस आधीच्या वीजबाजारात उद्याची बोली आजच लागते, १५-१५ मिनिटांच्या ९६ तुकड्यांत. रात्री वर ढगफुटी झाली तर विकलेली वीज द्यायची कुठून? फरकाचा भुर्दंड बसतोच. सप्टेंबर २०२४च्या पुरात तर तामाकोशीच्या बंधाऱ्याकडच्या कामांचंच नुकसान झालं आणि प्रकल्प बंद पडला.

मला खरी धास्ती जानेवारी २०२४च्या भारत-नेपाळ कराराची आहे. दहा वर्षांत १०,००० मेगावॉट भारताला. एवढ्या आकड्यामागे धावताना सगळे लवकर उभे राहणारे वाहत्या पाण्याचेच प्रकल्प काढतील. १,२०० मेगावॉटचा बुढीगंडकी, जो साठ्याचा आहे, वर्षानुवर्षं रखडलाय. कोयनेला शिवाजीसागर आहे म्हणून संध्याकाळी मागणी चढली की पाणी सोडता येतं.

आता तू म्हणशील, त्या तलावाखाली गावं गेली. गेली रे, आणि पुनर्वसनाचे प्रश्न अजून भिजत पडलेत. तेव्हा तुझ्याशी भांडलो, पण तुझं ते म्हणणं खरं होतं. बुढीगंडकीच्या खोऱ्यातल्या लोकांना जमिनीच्या पैशांसोबत विजेच्या कमाईतही कायमचा वाटा हवा. तो कसा लिहून घ्यायचा, ते तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं. सविस्तर लिही.

चिनूच्या लग्नाची तारीख ठरली का? वहिनींचे डोळे कसे आहेत? घर विकू नकोस एवढ्यात.

तुझा,
दिगू