विषय: एकच पेने अराबियाटा चारदा मागवली, चार वेगळ्या डिश आल्या

नमस्कार,

कस्टमर केअर टीम किंवा जे कोणी हा मेल उघडेल त्यांना, आधीच सांगते की मी उगाच खुसपट काढणारी बाई नाही आणि फुकट कूपन मिळवायला तर अजिबात लिहीत नाहीये. तुमच्या एकाच ब्रँचला आम्ही गेल्या आठ महिन्यांत चार वेळा जेवलो, मी, नवरा, मुलगा आणि सासूबाई, आणि चारही वेळा मी पेने अराबियाटाच मागवली, म्हणजे नळ्यांसारखा पास्ता तिखट टोमॅटो सॉसमध्ये. मला ती आवडते म्हणून. चेन रेस्टॉरंटमध्ये माणूस काही नवल बघायला जात नाही हो, मागच्या वेळी जे खाल्लं तेच परत मिळेल एवढ्याच भरवशावर जातो, नाहीतर तुमच्या बोर्डाचा उपयोग काय?

पहिल्यांदा गेलो तेव्हा खरंच मस्त होतं, हेही लिहायलाच हवं. पेने चावताना आत बारीकसा कडकपणा, सॉस प्रत्येक नळीला धरून बसलेला, लसूण जाणवतोय पण जळका नाही, आणि तिखट हळूहळू चढणारं. सासूबाई म्हणाल्या कच्चं राहिलंय, तर वेटर मुलगा हसून म्हणाला आजी हे असंच असतं, अल देन्ते म्हणतात, म्हणजे दाताला लागलं पाहिजे. मग त्यानेच सांगितलं की पास्ता पूर्ण शिजायच्या दोनेक मिनिटं आधी काढतात आणि उरलेला सॉसमध्येच शिजवतात, वर पास्ता उकळलेलं थोडं पाणी घालतात कारण त्यात स्टार्च असतो त्याने सॉस मिळून येतो. इतकं आवडीने सांगितलं ना, की मी घरी येऊन तसं करून पण बघितलं आणि जमलं. तो मुलगा पुढच्या एकाही वेळी दिसला नाही. सोडून गेला असेल तर तुमचं नुकसान आहे.

दुसऱ्या वेळी प्लेट आली ती गुलाबी. मला वाटलं दुसऱ्याच टेबलची आली. तर नाही म्हणे, हीच अराबियाटा, तिखट लागू नये म्हणून क्रीम घातलंय. अहो अराबियाटा या शब्दाचा अर्थच मुळी रागावलेली असा आहे, टोमॅटो, लसूण, सुकी लाल मिरची आणि ऑलिव्ह ऑइल, संपलं, त्यात क्रीम कुठून आलं? आणि गोड लागत होतं वर. नवऱ्याने कार्बोनारा हा दुसरा पास्ता घेतला होता, मेन्यूत त्याच्यापुढे पारंपरिक रोमन पद्धत असं ऐटीत छापलंय, तर त्यातही क्रीमचा थारोळा. रोममध्ये तो अंडं, पेकोरिनो चीज, गुआंचाले म्हणजे डुकराच्या गालाचं खारवलेलं मांस, आणि मिरपूड एवढ्यावर करतात, क्रीम नसतं. वेटरला विचारलं तर म्हणे मॅडम क्रीमशिवाय कार्बोनारा होतच नाही. बरं क्रीम घालून करा, कोणी पोलीस पाठवत नाही, पण मग पारंपरिक हा शब्द तरी काढा.

तिसरी वेळ सगळ्यात वाईट. ऑर्डर दिली आणि पाचव्या मिनिटाला प्लेट टेबलावर! सुकी पेने शिजायलाच दहा-बारा मिनिटं लागतात, पाकिटावर लिहिलेलं असतं, म्हणजे आधीच उकडून ठेवलेली होती हे शेंबडं पोर पण सांगेल. थोडी आधी उकडून ठेवणं बऱ्याच किचनमध्ये चालतं, गर्दी असते, कळतं मला. पण ही पार लगदा झालेली. नळ्या उभ्या चिरलेल्या, काट्याने उचलली की दोन तुकडे, आणि चिकटू नये म्हणून तेल चोपडलेलं असणार कारण सॉस तिच्यावर थांबतच नव्हता, सगळा घसरून खाली आणि प्लेटच्या कडेने केशरी पाण्याचं रिंगण. सासूबाई मात्र एकदम खूश, म्हणाल्या आज बरं शिजवलंय, दातांना त्रास नाही. आता यावर मी काय बोलणार.

तिरामिसूचं, म्हणजे शेवटी मागवलेल्या गोड डिशचं, थोडक्यात सांगते, मधोमध बर्फ होता. चमचा लागून कट्ट आवाज आला आणि मुलाला हसू आवरेना.

चौथ्या वेळी (हो, गेलो तरी परत, मुलाच्या हट्टापायी) पास्ता कडेला चटका बसेल इतका गरम आणि मध्ये गार, म्हणजे मायक्रोवेव्हमधून आलेला. पण खरा राग वेगळ्याच गोष्टीचा आलाय आणि ती तुम्ही नीट वाचा. माझ्या सासूबाई शुद्ध शाकाहारी आहेत. मेन्यूत त्यांच्या डिशपुढे हिरवं पान छापलंय आणि त्याच ओळीत अस्सल पार्मिजानो रेज्जानो (हे इटलीचं चीज) असंही लिहिलंय. हे दोन्ही एकत्र खरं असूच शकत नाही. अस्सल पार्मिजानो रेज्जानो बनवताना दूध फाडायला वासराच्या पोटातलं रेनेट वापरतात, त्याच्या नियमातच ते आहे, रेनेट दुसरं वापरलं तर त्याला ते नावच लावता येत नाही. मला स्वतःला हे आत्ता आत्ता कळलं. मी वेटरला विचारलं तर तो म्हणाला चीज तर व्हेजच असतं ना मॅडम, आणि बोलता बोलता सासूबाईंच्या प्लेटवर किसून मोकळा पण झाला. मॅनेजरना बोलावलं, त्यांनी रेनेट हा शब्द पहिल्यांदा ऐकला असं त्यांचं तोंड सांगत होतं, म्हणाले किचनमध्ये विचारून सांगतो, ते गेले ते बिल येईपर्यंत आलेच नाहीत. सासूबाईंनी प्लेट बाजूला सरकवली आणि ब्रेड खाल्ला. आधीच्या तीन वेळांचं काय, हे त्यांनी मला घरी येताना गाडीत विचारलं. माझ्याकडे उत्तर नाही. तुमच्याकडे असलं पाहिजे.

निघताना वेटरने टॅब पुढे केला, फीडबॅकसाठी. मी नंबर टाकला तेवढ्यात मुलाने पाणी सांडलं, मी तिकडे वळले, परत बघते तर वेटरने स्वतःच 5 स्टार दाबून सबमिट केलेलं. वर दुसऱ्या दिवशी मला मेसेज, तुमचा अनुभव छान होता हे ऐकून आनंद झाला. त्याला उत्तर म्हणून मी सगळं लिहून पाठवलं तर परत तोच मेसेज आला, आनंद झाला!! म्हणून हे पत्र.

मला एवढंच लेखी हवंय. त्या ब्रँचमध्ये नक्की कुठलं चीज वापरतात आणि त्यात कुठलं रेनेट असतं. व्हेज असेल तर पार्मिजानो रेज्जानो हे नाव मेन्यूतून काढा, अस्सल असेल तर हिरवं पान काढा. अराबियाटाची तुमची ठरलेली रेसिपी काय आहे तेही कळवा, म्हणजे चारातली कुठली खरी ते समजेल. आणि माझ्या नंबरवर पडलेले ते 5 स्टार काढून टाका, ते मी दिलेले नाहीत.

चारही बिलांचे फोटो आणि तिसऱ्या वेळच्या प्लेटचा फोटो सोबत जोडलाय, केशरी पाणी त्यात स्पष्ट दिसतं. उत्तर माणसाने लिहिलेलं असावं ही विनंती.

तुमची एक (आत्तापर्यंतची) नेहमीची ग्राहक