उघडीप ओळखायला शिकवणाऱ्या मामांना

कणकुंबीच्या मामांना,
सप्रेम नमस्कार.

भीमगड अभयारण्याच्या कडेने, जांबोटी-कणकुंबीच्या पट्ट्यात ऐन पावसाळ्यात पक्ष्यांचे फोटो काढायला येणाऱ्या आम्हा बेळगावकर मंडळींवर तुमचे फार उपकार आहेत. तोंडावर बोललो तर तुम्ही हात झटकून चहा टाकायला उठता, म्हणून हे पत्र.

तुमचं पहिलंच वाक्य सगळ्यात मोलाचं ठरलं: “पावसात पक्षी हुडकत फिरू नका. उघडीप व्हायच्या आधी जागेवर बसा की!” मुसळधार पडत असताना पक्षी पिसं आवळून खोडाजवळ बसतो. पाऊस विरळ झाला की उघड्या फांदीवर येतो, अंग झाडतो, पिसं साफ करतो, किडे टिपतो. हा वेळ कधी दहा मिनिटांचा, कधी त्याहून कमी. तेव्हा आपण चिखल तुडवत असलो तर हाती काहीच लागत नाही. पानांवरून गळणाऱ्या मोठ्या थेंबांची टपटप पावसाच्या आवाजातून वेगळी ऐकू येऊ लागली की कॅमेऱ्यावरचं कापड काढायचं, ही खूणही तुमचीच. शीळकरी कस्तूर मात्र उजाडायच्या आधीच ओढ्याकाठी शीळ घालायला लागतो. त्याच्यासाठी अंधारातच जागा धरावी लागते.

घोंगडीचं महत्त्वही तुमच्यामुळे कळलं. प्लास्टिकच्या रेनकोटवर थेंब ताडताड वाजतात आणि हात हलवला की तो खळखळतो. घोंगडीत आवाज मुरतो आणि माणसाचा आकारही मोडतो. जड होते, पण बसून राहणाऱ्याला त्याचं काय?

कॅमेऱ्याचे बहुतेक घोटाळे गाडीतच सुरू होतात. एसीत गार झालेली लेन्स बाहेरच्या दमट हवेत काढली की काचेवर वाफ धरते. पुसून उपयोग नसतो, काच गार आहे तोवर ती पुन्हा येते. चोर्ल्याच्या रस्त्याला लागताच एसी बंद करून काचा थोड्या खाली करायच्या, अर्ध्या तासात लेन्स बाहेरच्या हवेला सरावते. फिल्टर काढून ठेवायचा, नाहीतर त्याच्यामागे ओल अडकते. पुढे-मागे सरकणारी झूम लेन्स दर वेळी बाहेरची हवा आत ओढते, त्यामुळे पावसात झूम कमीत कमी हलवायचा. प्लास्टिकची पिशवी लेन्सच्या तोंडावरच्या हूडला रबरबँडने बांधायची, पण खालून मोकळी ठेवायची. सगळीकडून बंद केली की आतच घाम धरतो.

झाडीतल्या अंधारात बसलेल्या पक्ष्याला शटरचा वेग सेकंदाचा अडीचशेवा भाग आणि आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश टिपण्याची क्षमता) 3200 ते 6400 लागतोच. पावसाच्या रेघा हव्या असतील तर साठावा भाग ठेवून मागे गडद झाडी धरावी, पांढऱ्या आभाळापुढे पाऊस दिसत नाही. धुक्यात कॅमेऱ्याचा प्रकाश मोजणारा मीटर फसतो आणि चित्र करडं येतं, तिथे उजेड दोन तृतीयांश ते एक स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश) वाढवायचा. ओल्या काळ्या खडकावर कस्तूर असेल तर उलट कमी करायचा, नाहीतर त्याच्या खांद्यावरचा निळा रंग फिका पडतो. ट्रायपॉडचा सगळ्यात खालचा, बारीक भाग आधी पूर्ण उघडावा, म्हणजे सांधे चिखलाच्या वर राहतात.

परतल्यावर लेन्स ओल्या बॅगेत ठेवली की बुरशी लागलीच म्हणून समजा. कोरड्या सुती कापडाने पुसून रात्रभर पंख्याखाली ठेवायची आणि मग सिलिका जेल घातलेल्या हवाबंद डब्यात. जेलचा रंग बदलला की तव्यावर मंद आचेवर परतून घ्यायचं. कॅमेरा चुलीवरच्या माळ्यावर ठेवू नका, धूर काचेवर बसतो, हे तुम्ही वेळेवर सांगितलंत.

सर्वात जास्त आभार मात्र तुम्ही आम्हाला अडवलंत त्याबद्दल. तिबोटी खंड्या पावसाळ्यात ओढ्याच्या मातीच्या दरडीत बीळ करून पिल्लं वाढवतो. चोचीत बेडूक किंवा सरड्याचं पिल्लू धरून तो एकाच फांदीवर मान वरखाली करत बसला आणि बिळात शिरत नसला, तर आपण फार जवळ आलोय. तुम्ही खांद्यावर हात ठेवून मागे सरकायला लावलंत, आणि पक्षी आत गेल्याशिवाय कॅमेरा उचलू दिला नाहीत. मोबाइलवर नवरंग पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बाहेर काढायलाही तुम्ही साफ नकार दिलात. विणीच्या दिवसांत तो आवाज म्हणजे त्याच्या हद्दीत घुसलेला दुसरा नर. तो घास टाकून भांडायला येतो.

भीमगडच्या जंगलातल्या बारापेडेच्या गुहेचं नाव काढलं तेव्हाही तुम्ही विषय तिथेच संपवलात. रॉटनच्या वटवाघळाची जगाला पहिली ओळख 1913 साली याच गुहेतून झाली, तिथे फ्लॅश घेऊन जायचं नसतं.

जळवांसाठी तंबाखू आणि चुन्याचं फडकं मोज्यांवर बांधायचं, मीठ पावसात वाहून जातं. ते मोजे ओढ्यात धुऊ नका, बेडूक मरतात, असं तुम्ही बजावलं होतं. आणि ओढ्याचं पाणी अचानक गढूळ होऊन पालापाचोळा वाहायला लागला, की वर पाऊस झालाय, सामान आवरायचं. हे आता आमच्याबरोबर येणाऱ्या प्रत्येक नवख्याला निघण्याआधीच सांगतो.

तुमची घोंगडी या आठवड्यात खानापूरच्या बसने पाठवतोय. सावलीत वाळवून झटकली आहे. साबण लावलेला नाही, लोकरीचा तेलकटपणा गेला की पाणी आत येतं, हे तुम्हीच सांगितलं होतं.

तुमचे,
बेळगावचे पक्षीवेडे