कोपऱ्यातलं नाव

मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, यांस

स.न.वि.वि.

गेल्या वर्षी पुण्यातल्या एका प्रदर्शनाला मी आईची गोधडी दिली होती. बघायला गेले तर खाली चिठ्ठी: ‘पारंपरिक गोधडी. कारागीर अज्ञात.’

त्या गोधडीच्या कोपऱ्यात लाल दोऱ्यानं आईचं नाव भरलंय. तेही माहेरचं. लग्नात ताटातल्या तांदळांत अंगठीनं जे नवं नाव लिहिलं गेलं, ते रेशनकार्डावर गेलं. सातबाऱ्यावर दोन्हींपैकी एकही नाही. जुनं नाव उरलं ते गोधडीवर.

खाली आजीचं लुगडं, वर आजोबांच्या धोतराचे आणि आमच्या परकरांचे तुकडे, मग कडेकडेनं आत येत जाणारा धावदोरा. दुपारची भांडी आवरली की शेजारणी चार बाजूंनी बसायच्या. कुणाची सासू काय बोलली, कुणाला पुन्हा दिवस गेले, सगळं टाक्यांसोबत आत गेलं. आईला लिहिता येत नव्हतं असं नाही, ती सातवी शिकलेली. पण वही कुणीही उघडून वाचली असती.

बंगालमध्ये मानदासुंदरी नावाच्या बाईनं वडिलांसाठी कांथा, म्हणजे तिथली गोधडी, शिवली आणि टाक्यांतच स्वतःचं नाव लिहून ठेवलं, म्हणून आज ते आपल्याला घेता येतं. चिलीत १९७३च्या लष्करी उठावानंतर ज्यांची माणसं गायब झाली, त्या बायकांनी चिंध्या जोडून चित्रं शिवली. पोत्याचं कापड, त्यावर कधीकधी हरवलेल्याच्याच कपड्याचे तुकडे. ‘अर्पिलेरा’ म्हणतात त्यांना. देशाबाहेर गुपचूप पोचलेल्या त्या कापडांनी तिथल्या छळाची बातमी जगाला दिली.

आपल्याकडे रमाबाई रानड्यांनी १९०९मध्ये पुण्यात सेवासदन काढलं. तिथल्या शिवणकामानं बायकांच्या हाती स्वतःचे चार पैसे आले. हे मी गळे काढायला सांगत नाही. रुखवत आता तुळशीबागेत तयार मिळतं, त्याचं मला काडीचं दुःख नाही. क्रोशाचे रुमाल विणून डोळे दुखवून घेतलेल्या मुली मी पाहिल्यात.

राजा दिनकर केळकर संग्रहालय तर आपल्या परिचयाचंच. अडकित्ते, दिवे, भरतकाम, अशा घरगुती वापराच्या वस्तू एका माणसानं जन्मभर जमवल्या आणि राज्याला देऊन टाकल्या. केळकर कविता लिहीत त्या ‘अज्ञातवासी’ या नावानं. त्यांनी तो अज्ञातवास आपखुशीनं घेतला होता. आईला तो चिठ्ठी लिहिणाऱ्यानं दिला.

शिलाई मशीन वाटपाचे कार्यक्रम होतात, फोटो निघतात, होऊ देत. माझं मागणं जवळजवळ फुकटात होणारं आहे. शासनाच्या प्रत्येक संग्रहालयात आणि शासकीय मदतीच्या प्रत्येक प्रदर्शनात वस्त्राच्या नोंदीपुढे ‘कोणी शिवलं’ असा रकाना हवा. तो रिकामा सोडण्याआधी वस्तू देणाऱ्या घराला विचारायचं आणि कापड उलटसुलट, चारी कोपऱ्यांनी बघायचं, एवढा नियम करा. हे लवकर व्हायला हवं, कारण कुठली गोधडी कुणाच्या हातची हे ओळखणाऱ्या बायका आता ऐंशीच्या पुढे गेल्यात.

आईची गोधडी परत आली तेव्हा त्या कोपऱ्यावर टाचणीची भोकं होती. कड सरळ दिसावी म्हणून मांडताना त्यांनी तो आत दुमडला होता.

आपली,
कसबा पेठेतली एक नागरिक