बाबांच्या सकाळच्या गोळीबद्दल

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

आई, परवा फोनवर तू विचारलंस, "दिवसभर सूक्ष्मदर्शकातून बघतेस तरी काय?" मी "पेशी" एवढंच म्हणाले आणि घाईने फोन ठेवला. ते मनाला लागून राहिलंय.

सुरुवात बाबांच्या मेटोप्रोलॉलच्या गोळीपासूनच करते. माणूस घाबरला की रक्तात अ‍ॅड्रेनालिन वाढतं. हृदयाच्या पेशींवर बीटा-१ नावाचे रिसेप्टर, म्हणजे बाहेरचा निरोप घेणारी प्रथिनं, असतात, त्यांना ते चिकटतं. रिसेप्टरचा आकार जरासा बदलतो, आतलं जी-प्रोटीन नावाचं प्रथिन जागं होतं, निरोप पुढे नेणारे सायक्लिक एएमपीचे रेणू भराभर तयार होतात आणि ठोके वाढतात. बाबा, तुमची गोळी ती चिकटायची जागाच अडवून बसते. या रिसेप्टरांच्या अभ्यासालाच २०१२चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, लेफ्कोविट्झ आणि कोबिल्का यांना.

मी शिकले तेव्हा असं सांगत, की निरोप पेशीच्या वेशीवरच पोचतो. मग पेशी रिसेप्टरला आत ओढून घेते आणि तो गप्प होतो. हे अर्धंच खरं निघालं. २०१३ मध्ये संशोधकांनी फक्त जाग्या रिसेप्टरलाच चिकटणारं एक चमकणारं इवलंसं प्रथिन पेशींमध्ये तयार करवलं. प्रयोग होता बीटा-१च्या सख्ख्या भावावर, बीटा-२ रिसेप्टरवर. अ‍ॅड्रेनालिनसारखं औषध देताच त्याच्याभोवती पेशीच्या कडेला चमक दिसली. आणि काही मिनिटांनी आत, रिसेप्टर ज्यांत ओढले जातात त्या एंडोसोम नावाच्या पिशव्यांवरही! गप्प समजलेला रिसेप्टर आतूनही बोलत होता.

२०१७ मधला शोध तर तुमच्या गोळीपर्यंतच येतो. पेशीच्या आत गॉल्जी नावाचा भाग असतो, तिथेही बीटा-१ जागे होताना दिसले. अ‍ॅड्रेनालिनला पेशीचा स्निग्ध पडदा आपसूक ओलांडता येत नाही. एक वाहक प्रथिन त्याला आत नेतं. मेटोप्रोलॉल मात्र पडद्यातून आत शिरतं आणि गॉल्जीवरच्या रिसेप्टरलाही शांत करतं. सोटॅलॉल हे त्याच जातीचं दुसरं औषध बाहेरच राहतं. दोन्ही बीटा ब्लॉकरच, म्हणजे बीटा रिसेप्टर अडवणारी औषधं, पण पोच वेगळी! हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही.

बाबा, हे प्रयोग प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवरचे आहेत. गोळी डॉक्टरांनी सांगितली तशीच घ्या, एकही चुकवू नका.

पुढच्या वेळी येताना माझ्या पेशींचा व्हिडिओ आणते. आई, चष्मा लावून बस आणि मध्येच उठू नकोस. कडेची चमक विझते, आणि मग आत ठिपके उजळायला लागतात.

तुमची लेक