फ्रान्ससाठीच्या इंटरनेट-मदत पॅकेजबद्दल तक्रार: पैसे परत करा आणि मार्गदर्शिका मागे घ्या

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग,
पुणे.

विषय: फ्रान्समध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबांसाठीचं तुमचं वार्षिक इंटरनेट व कॉम्प्युटर मदत पॅकेज. सेवेतील त्रुटी, पूर्ण परतावा आणि चुकीची मार्गदर्शिका मागे घेण्याबाबत.

महोदय,

तुमच्या हेल्पलाइनचा फोन आत्ताच ठेवला आहे. पॅकेजमध्ये काय येतं हे तुम्हाला समजावून सांगत बसत नाही, ते तुम्हीच विकता. ‘फ्रेंच येत नसलं तरी चालेल, तिथल्या कंपनीशी आम्ही बोलू’ हे तुमच्याच माहितीपत्रकावर पहिल्या पानावर छापलेलं आहे. त्याच वाक्याचे मी पैसे भरले आहेत.

आजचा फोन कसा झाला ते सविस्तर लिहिते, कारण तुमच्याकडच्या नोंदीत ‘ग्राहकाला मार्गदर्शन केले’ एवढंच लिहिलेलं असणार.

तूलूझमधला फ्लॅट, फायबरचं कनेक्शन, बॉक्सवर (म्हणजे कंपनीच्या राउटरवर) लाल दिवा, इंटरनेट पूर्ण बंद. तुमचा माणूस म्हणाला, बॉक्स बंद करून चालू करा. ते आधीच केलं होतं, प्लग काढून, तीस सेकंद थांबून. तसं सांगितलं. ‘परत करा, मी लाइनवर आहे.’ परत केलं. दिवा लालच. ‘वाय-फायचा पासवर्ड बदलून बघा.’ लॅपटॉप केबलने बॉक्सला जोडलाय, बॉक्सचं सेटिंगचं पानही उघडतंय, बॉक्सपर्यंत फायबरमधला प्रकाशच येत नाहीये, हे सांगितलं. ‘घरात मायक्रोवेव्ह चालू आहे का?’ नाही. ‘मग मागच्या छिद्रात पिन घालून दहा सेकंद दाबून धरा.’ याला मी नकार दिला. फॅक्टरी रीसेट केला की बॉक्स आपली सेटिंग पुसतो आणि नव्याने कंपनीच्या नेटवर्कवरून आणायला जातो. लाइनच तुटलेली असताना तो पहिल्याच पायरीवर अडकून बसतो. हे कारणही त्याला दिलं. त्यावर त्याचं उत्तर: ‘मॅडम, मिस्टर घरी आहेत का? त्यांना द्या ना फोन.’

मी म्हटलं, लाइनची तक्रार माझ्या नावावर आहे, पॅकेज माझ्या नावावर आहे, जे बोलायचं ते माझ्याशी बोला आणि ठरल्याप्रमाणे इथल्या कंपनीला फोन लावा. तर म्हणाला, ‘तुम्ही तिकडेच राहता ना, मग फ्रेंच येतच असेल की. कंपनीला तुम्हीच लावा.’ आणि फोन बंद केला.

आता त्याने काय विचारायला हवं होतं ते लिहिते. फायबरच्या बॉक्सवर किंवा भिंतीजवळच्या छोट्या ऑप्टिकल डबीवर लाल दिवा म्हणजे सिग्नल पोचत नाही. तिथे वाय-फायचा काही संबंध नाही. पहिल्यांदा हिरव्या टोकाची फायबर केबल दोन्हीकडे ‘टक’ आवाज होईपर्यंत बसली आहे का ते बघायचं. सोफ्यामागे किंवा दारात ती चेपली, मुरगळली असेल तर सरळ करायची. तिच्या टोकात डोळा घालून बघायचं नाही, टोक बोटाने पुसायचंही नाही. बऱ्याच बॉक्सच्या सेटिंगच्या पानावर येणाऱ्या सिग्नलची पातळी दिसते. ती साधारण उणे १५ ते उणे २५ डीबीएम (सिग्नलची ताकद मोजायचं एकक) असेल तर ठीक. उणे २८ च्या खाली गेली, किंवा आकडाच येत नसेल, तर दोष लाइनमध्ये. मग शेजाऱ्यांना विचारायचं. त्याच कंपनीचं कनेक्शन असलेल्या सगळ्यांचं बंद असेल तर बिघाड पुढे कुठेतरी मोठा आहे. फक्त आपलंच बंद असेल तर बहुतेक वेळा गोष्ट रस्त्यावरच्या कॅबिनेटमध्ये घडलेली असते.

फ्रान्समध्ये एका भागातल्या सगळ्या घरांच्या फायबर एका सामायिक कॅबिनेटमध्ये येतात. इथले लोक त्याला पे-एम म्हणतात. सगळ्या कंपन्यांचे कंत्राटी तंत्रज्ञ तेच दार उघडतात. नवीन ग्राहकाचं कनेक्शन जोडताना जागा मिळाली नाही की दुसऱ्याची वायर काढून आपली लावली जाते, आणि ज्याची वायर निघाली त्याच्या घरात त्या क्षणाला लाल दिवा लागतो. इथल्या दूरसंचार नियामकाने, म्हणजे आर्सेपने, या प्रकाराबद्दल वर्षानुवर्षं कंपन्यांना फैलावर घेतलं आहे. फायबर वापरणाऱ्या कोणालाही हे माहीत असतं. तुमच्या हेल्पलाइनला ते माहीत नाही. घरात बसून शंभर वेळा बॉक्स बंद-चालू केला तरी कॅबिनेटमधली वायर परत लागत नाही. फोन लावून ‘लाइन तुटली आहे, पे-एमवर तंत्रज्ञ पाठवा’ एवढं फ्रेंचमध्ये सांगायचं होतं आणि तक्रार क्रमांक लिहून घ्यायचा होता. यासाठीच तुमचं पॅकेज आहे. त्याऐवजी मला ‘मिस्टरना फोन द्या’ ऐकावं लागलं.

तुमची हेल्पलाइन सकाळी १० ते संध्याकाळी ७, भारतीय वेळेनुसार. हिवाळ्यात इथे ते पहाटे साडेपाच ते दुपारी अडीच होतं, उन्हाळ्यात साडेसहा ते साडेतीन. नोकरी करणारा माणूस घरी पोचतो तेव्हा तुम्ही कुलूप लावून गेलेले असता. फ्रान्ससाठी सेवा विकायची तर फ्रान्सचं घड्याळ बघायला नको का?

आता तुमची मार्गदर्शिका. पीडीएफ छान रंगीत आहे, पण आतला मजकूर वाचून लोकांचं नुकसान होतंय.

‘नवीन घरात इंटरनेट कसं घ्यावं’ या पानावर तुम्ही फक्त पत्ता आणि बँकेचा तपशील तयार ठेवा म्हणता. भिंतीवरच्या फायबर सॉकेटचा पीटीओ क्रमांक तुम्ही कुठेच मागितलेला नाही. सॉकेटच्या लेबलवर तो छापलेला असतो: दोन अक्षरं, मग चार-चार चिन्हांचे दोन गट. हा क्रमांक ऑर्डर देताना दिला की कंपनीला नेमकी तुमची लाइन कळते. नाही दिला की पत्त्यावरून शोधाशोध, इमारतीत त्याच मजल्यावर दुसऱ्याची लाइन तुमच्या नावे लागणं, किंवा नवीन सॉकेट बसवायला तंत्रज्ञ येणं, असे सगळे घोळ होतात. घरमालकाकडून चावी घेताना या लेबलचा फोटो काढून ठेवायचा, एवढी एक ओळ लिहिली असती तरी पुरलं असतं.

‘कंपनी बदलताना आधी जुनं कनेक्शन बंद करा’ असं तुम्ही लिहिलंय. हे उलटं आहे. मोबाइलची कंपनी बदलायची तर आधी त्याच फोनवरून ३१७९ ला फोन करायचा. फुकट आहे. रिओ नावाचा १२ चिन्हांचा कोड एसएमएसने येतो, करार कधी संपतो तेही कळतं. तो कोड नव्या कंपनीला द्यायचा, जुनं कनेक्शन तीच बंद करते, नंबर तोच राहतो. स्वतः आधी बंद केलं तर ४० दिवसांपर्यंत नंबर परत मागता येतो, पण दरम्यान तो मेलेला असतो. बँकेचा एसएमएस येत नाही, सरकारी साइटचा कोड येत नाही. ज्यांनी भारतातल्या एनआरई (अनिवासी भारतीयांच्या) खात्याला फ्रेंच नंबर जोडला आहे, त्यांचे व्यवहारही अडकतात. तुमच्या एका चुकीच्या वाक्याने एवढं होतं.

कीबोर्डबद्दल: ‘पासवर्ड चालत नसेल तर पासवर्ड रीसेट करा.’ का? फ्रेंच कीबोर्डवर ए आणि क्यू, झेड आणि डब्ल्यू यांच्या जागा उलट आहेत, एम हा एलच्या उजवीकडे आहे आणि आकड्यांसाठी शिफ्ट दाबावं लागतं. भारतातून आणलेल्या लॅपटॉपला फ्रेंच मांडणी लागली, किंवा इथे घेतलेल्या लॅपटॉपला इंग्रजी मांडणी लागली, की पासवर्ड बरोबर टाइप करूनही चूक येतो. पासवर्डमध्ये फक्त ठिपके दिसतात, त्यामुळे कळतही नाही. विंडोजच्या लॉगिन पडद्यावर उजवीकडे खाली भाषेची अक्षरं असतात ती बघायची, विंडोज आणि स्पेस कळ एकत्र दाबून मांडणी बदलायची, काम झालं. फ्रेंच मांडणीत ॲट चिन्ह आल्टजीआर आणि शून्याची कळ एकत्र दाबून येतं. मॅकवर ते आकडा एकच्या डावीकडच्या कळीवर असतं. ईमेल लिहिता येईना म्हणून नवीन कीबोर्ड विकत घ्या, असा सल्ला तुमच्या पानावर आहे. लोकांना खर्चात पाडू नका.

सगळ्यात धोकादायक पान म्हणजे ‘सरकारी खाती उघडताना’. जन्मस्थळाच्या पिनकोडच्या चौकटीत भारतातला पिनकोड बसत नाही, तर ‘शेवटचा आकडा सोडून द्या’ असं तुम्ही छापलंय. फ्रान्सचे पिनकोड पाच आकडी असतात म्हणून तुम्ही ही युक्ती काढली. पुण्याचा ४११००४ घेतला आणि शेवटचा आकडा सोडला की ४११०० उरतो, आणि तो वॉन्दोम नावाच्या फ्रेंच गावाचा पिनकोड आहे. पुण्यात जन्मलेला माणूस कागदोपत्री वॉन्दोममध्ये जन्मतो. फ्रान्स कनेक्ट ही सरकारी साइटची सामायिक लॉगिन सेवा तुमची माहिती राष्ट्रीय नोंदणीशी ताडून बघतं, तिथे जन्मस्थळ जुळलं नाही की दार बंद, आणि चूक कुठे आहे ते साइट सांगत नाही. परदेशात जन्मलेल्यांनी आधी जन्माचा देश भारत निवडायचा, मग पिनकोडचा प्रश्नच येत नाही. सामाजिक सुरक्षा क्रमांक हातात असेल तर त्यातच ताळा करता येतो: भारतात जन्मलेल्यांच्या क्रमांकात सहाव्या ते दहाव्या जागेवर ९९२२३ असतं. ९९ म्हणजे परदेश, २२३ म्हणजे भारत.

नावाच्या चौकटींचंही तसंच. आपल्याकडच्या पासपोर्टवर स्वतःच्या नावापुढे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असतं. ते दोन्ही मिळून प्रेनों, म्हणजे नावाच्या चौकटीत जातं, आणि नों मध्ये फक्त आडनाव. तुम्ही वडिलांचं नाव ‘वापरातलं आडनाव’ या चौकटीत टाकायला सांगता. मग इंटरनेटचं बिल त्या नावाने निघतं. रेसिडेन्स परमिटच्या नूतनीकरणासाठी पत्त्याचा पुरावा म्हणून सहा महिन्यांच्या आतलं इंटरनेटचं बिल चालतं, पण पासपोर्टशी न जुळणारं नाव असेल तर फाइल परत येते. आणि नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याआधी चार ते दोन महिन्यांच्या खिडकीतच करायचा असतो. तिथे वेळ गेला तर माणसाची नोकरी धोक्यात येते. हे तुमच्या लेखकाला माहीत नसेल तर त्याने हे पान लिहायला नको होतं.

शेवटचा आणि माझ्या दृष्टीने सर्वांत गंभीर मुद्दा. तुमच्या हेल्पलाइनने करखात्याच्या साइटचं लॉगिन करताना स्क्रीन शेअर करायचं ॲप टाकायला सांगितलं, आणि पासपोर्ट, बँकेचा तपशील व पासवर्ड व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायला सांगितला. मी पासवर्ड दिला नाही. पण ज्यांनी विश्वासाने दिला असेल त्यांचं काय? पासवर्ड कुणालाही द्यायचा नसतो, मदत करणाऱ्यालाही नाही, हे मदत विकणाऱ्या कंपनीला ग्राहकाने सांगावं लागतंय याचं मला वाईट वाटतं. पुण्यातली, मराठीत बोलणारी कंपनी म्हणून डोळे झाकून पैसे भरले होते. इथे नव्याने आलेल्या कित्येक कुटुंबांना मी स्वतः तुमचं नाव सुचवलं आहे.

माझ्या मागण्या: पॅकेजची पूर्ण रक्कम १५ दिवसांत परत. मार्गदर्शिका तातडीने मागे, आणि ज्यांनी ती विकत घेतली त्या सगळ्यांना वरील चुका कळवणारं पत्र. ‘मिस्टरना फोन द्या’ या वाक्याबद्दल लेखी माफी, फोनवरची नको. माझे जे कागद तुमच्याकडे आहेत ते पुसून टाकल्याचं लेखी उत्तर. तुम्ही भारतात असलात तरी युरोपात राहणाऱ्यांना सेवा विकता, त्यामुळे युरोपचा माहिती संरक्षण कायदा तुम्हाला लागू होतो आणि या विनंतीला एका महिन्यात उत्तर देणं बंधनकारक आहे. उत्तर आलं नाही तर तक्रार इथल्या क्नील या यंत्रणेकडे जाईल.

पैसे आले नाहीत तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली पुण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात दावा दाखल करणार आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही आणि अर्ज ऑनलाइन करता येतो, तेव्हा मी लांब आहे म्हणून प्रकरण थंड पडेल असं समजू नका. फोनच्या वेळा, ईमेल आणि तुमच्या मार्गदर्शिकेची पानं जोडून ठेवली आहेत.

इथल्या कंपनीला मी स्वतःच फोन केला आहे, कॅबिनेटवर तंत्रज्ञ पाठवायची नोंद झाली आहे. तुमच्याकडून या बाबतीत आता काहीही नको. उत्तर फक्त ईमेलवर द्या.

तुमची ग्राहक,
तूलूझ, फ्रान्स